एकपाकांतील अन्नविभाग: एका घरच्या भावंडांची भूक व तिचें माप

[१]

एका घरांत, एका चुलीवर शिजलेलें अन्न निरनिराळ्या भुकेच्या भावंडांत कसें वाटावें, हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला आहे. इतिहाससंशोधनाशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. सनदा, महजर, करीने व कैफियती यांच्या वाचनांत गढलेल्या संशोधकास भाकरी मोजण्याची सवड कोठून असणार? परंतु ज्या कुटुंबसंस्थेचे कागद आपण इतक्या आस्थेनें जमवितों, ती संस्था मुळांत चुलीवर उभी होती. चूल एक तोंवर कुटुंब एक, चूल वेगळी झाली कीं भाऊ वेगळे, ही समजूत आपल्या भाषेंत इतकी मुरलेली आहे कीं, वेगळी चूल एवढे दोन शब्द उच्चारले असतां वाटणीचा सारा कज्जा डोळ्यांपुढें उभा राहतो. तेव्हां त्या चुलीवरील अन्न कोणास किती मिळे, तें ठरविणारें माप कोणतें होतें, आणि त्या मापाची नोंद कोठें होई, हें पाहणें इतिहासाच्या कक्षेबाहेरचें नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही असें दाखविणार आहों कीं, आपल्याकडे अन्नविभागाचीं दोन मापें प्राचीन काळापासून चालत आलेलीं आहेत. एक कोठाराचें माप; तें डोईं मोजतें आणि लिहून ठेवितें. दुसरें चुलीचें माप. तें भूक पाहतें आणि लिहीत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं घरापुरतें दुसरें माप जाणूनबुजून पत्करलें. त्यांत मोठें शहाणपण होतें. परंतु त्या शहाणपणाचें मोल कोणास तरी भरावें लागलें, आणि भरणाराचें नांव कोणत्याहि कागदांत आढळत नाहीं.

[२]

भावाभावांच्या असमान भुकेचें सर्वांत स्पष्ट उदाहरण महाभारताच्या आदिपर्वांत आहे. लाक्षागृहांतून निसटलेले पांडव एकचक्रा नगरींत ब्राह्मणवेषानें राहिले. ते भिक्षा मागून आणीत व रात्रीं ती कुंतीच्या स्वाधीन करीत. कुंती त्या अन्नाचे दोन सारखे भाग करी. एक भाग चार मुलें व ती स्वतः अशीं पांच जणें मिळून खात. दुसरा संपूर्ण भाग एकट्या भीमाचा. पुढें द्रौपदी घरांत आली त्या रात्रीं, कुंभाराच्या घरीं, कुंतीनें सुनेस वाटण्याची हीच रीत शिकविली. आधीं देवतांस बलि व ब्राह्मणास भिक्षा. मग जे कोणी अन्नार्थी असतील त्यांस. जें उरेल त्याचे दोन भाग. एक भीमाचा, आणि दुसऱ्याचे सहा वांटे, म्हणजे चार भावांचे चार, एक सासूचा व एक सुनेचा.

भांडारकर प्राच्यविद्यासंशोधन मंदिराच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तींतील आदिपर्व डॉ. वि. सी. सुकथनकर यांनीं अनेक प्रांतांच्या व अनेक लिपींच्या पोथ्या ताडून १९३३ सालीं पूर्ण केलें. हीं दोन्ही स्थळें त्या आवृत्तीच्या मूळ संहितेंत आहेत. तळटीपेंत ढकललेला प्रक्षेप तीं नव्हेत.

यांतील हिशेब थोडा बारकाईनें पाहावा. द्रौपदी येण्यापूर्वीं भीमाखेरीज प्रत्येकाचा भाग एक-दशांश होता. ती आल्यावर तो एक-द्वादशांश झाला. भीमाचा अर्धा भाग मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणजे नवें माणूस घरांत आलें त्याचा भार ज्यांची भूक साधारण होती त्यांनीं सारखा उचलला. ज्याची भूक मोठी होती त्याच्या वाट्यास हात लागला नाहीं. दुसरें असें कीं, युधिष्ठिर वडील असून त्याचा भाग नकुलाच्या भागाहून तिळभरहि अधिक नाहीं. राज्यांत वडीलपण चालतें, पानावर चालत नाहीं. तिसरें असें कीं, दोघी स्त्रियांचा भाग अर्जुनाच्या भागाइतकाच आहे. आणि चौथें, जें आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, तें असें कीं, हें माप आईच्या हातांत आहे, तें तोंडी आहे, आणि सासूकडून सुनेकडे तोंडीच जातें. व्यासांनीं कथेच्या ओघांत तें सांगितलें नसतें, तर त्याचा मागमूसहि उरला नसता.

[३]

धर्मसूत्रांत हाच प्रश्न आश्रमांच्या परिभाषेंत आला आहे. संन्याशानें आठ घांस खावे, वानप्रस्थानें सोळा, गृहस्थानें बत्तीस. ब्रह्मचाऱ्यास मात्र संख्या नाहीं, असा नियम आपस्तंब, बौधायन व वसिष्ठ या तिघांच्या सूत्रांत आढळतो. आपस्तंब आणखी असें म्हणतो कीं, बैल, ब्रह्मचारी व आहिताग्नि या तिघांचें काम खाण्यावरच चालतें. न खातां त्यांच्या हातून कांहींच सिद्ध होत नाहीं. नांगर ओढणारा बैल व पाठ घोकणारा मुलगा यांना एका ओळींत बसविणाऱ्या या सूत्रकारास कोणी भाबडा म्हणेल. पण ज्यांनीं मधल्या सुटीच्या घंटेनंतरचा मुलांचा डब्यांवर पडणारा घाला पाहिला आहे, ते तसें म्हणणार नाहींत.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. ब्रह्मचारी म्हणजे आठव्या वर्षीं मुंज होऊन गुरुगृहीं गेलेला, वाढत्या अंगाचा मुलगा. गृहस्थ म्हणजे त्याचा बाप अगर थोरला भाऊ. बापाच्या घांसांस मर्यादा आहे, मुलाच्या नाहीं. वय लहान म्हणून अन्न कमी, हें सरळ गणित सूत्रकारांनीं येथें उलटें केलें आहे.

महाराष्ट्रांत या अमर्याद भुकेची सोय वार लावून होत असे. गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात वारीं सात घरीं जेवी. ज्यास तेवढे वार मिळत नसत तो माधुकरीवर भागवी. ही केवळ दानधर्माची रीत होती असें समजूं नये. एका घरास न पेलणारी भूक सात घरांवर वाटून देण्याची ती व्यवस्था होती. ज्या भुकेस शास्त्रानें संख्या दिली नाहीं, तिला लोकव्यवहारानें निदान सात दारें दिलीं.

मापाइतकाच क्रमहि महत्त्वाचा. याज्ञवल्क्य सांगतो कीं, मुलें, नवोढा लेकी-सुना, वृद्ध, गर्भिणी, आजारी व कुमारिका यांना जेवूं घालून, तसेंच अतिथि व नोकरचाकर यांना वाढून, मग जें शेष राहील तें नवराबायकोनीं खावें. मनूनेंहि नवोढा, कुमारिका, रोगी व गर्भिणी यांस अतिथीच्याहि आधीं जेवूं घालण्यास सांगितलें आहे. आपस्तंब तर एक पाऊल पुढें जातो. अन्न कमी पडलें तर गृहस्थानें स्वतःचें, बायकोचें किंवा मुलाचें खुशाल कमी करावें. पण राबणाऱ्या दासाचें वा कामकऱ्याचें कमी करूं नये. ज्याच्या अंगमेहनतीवर घर चालतें त्याचें पोट आधीं, हें तत्त्व त्यांत उघड आहे.

[४]

आतां कोठाराचें माप पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत रा. शामशास्त्री यांच्या हातीं लागून १९०९ सालीं तो ग्रंथ छापून निघाला, हें वाचकांस विदित आहेच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत माणशीं भोजनाचें प्रमाण दिलेलें आहे. न तुटलेल्या व निवडलेल्या तांदुळांचा एक प्रस्थ. प्रस्थाच्या चतुर्थांश वरण. वरणाच्या सोळाव्या हिश्शानें मीठ. वरणाच्या चतुर्थांश तूप किंवा तेल. हें आर्य पुरुषाचें एक भोजन. खालच्या दर्जाच्या माणसास वरण प्रस्थाच्या सहाव्या हिश्शाइतकें, व तूपतेल निम्में. स्त्रियांस पुरुषाच्या पाऊण. मुलांस निम्में.

येथें पोथ्या वाचणारांस एक इशारा द्यावासा वाटतो. संस्कृत ग्रंथांत चार कुडवांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण होतो. म्हणजे कुडव हें लहान माप आहे. मराठी कागदांतील कुडव मात्र पायलीहून मोठें माप असून तें खंडीच्या हिशेबांत येतें. शब्द एक, माप निराळें. शब्दाच्या साम्यावरून मापाचें साम्य गृहीत धरलें तर एका माणसाच्या जेवणांत सारें घर जेवून उठेल.

कौटिल्याचें प्रमाण मोठें नेमकें आहे, आणि कोठारास तसेंच हवें असतें. कोठावळ्यास दारांत उभ्या असलेल्या माणसाची भूक दिसत नाहीं. त्यास पुरुष, स्त्री व मूल एवढेंच दिसतें. पण या नेमकेपणांत दोन उणिवा आहेत. मूल म्हटलें कीं निम्में. मग तें तीन वर्षांचें असो कीं चौदा वर्षांचें. आणि स्निग्ध पदार्थ दर्जाप्रमाणें. म्हणजे जो अधिक राबतो त्याच्याच ताटांत तेल कमी. पहिल्या गोष्टींत कौटिल्याचा ब्रह्मचाऱ्याच्या नियमाशीं विरोध येतो, दुसरींत आपस्तंबाच्या कामकऱ्याशीं. हा विरोध दोन ग्रंथकारांचा नसून दोन मापांचा आहे. एक माप राजाच्या खर्चाचा अंदाज करण्यासाठीं केलें, दुसरें घर टिकविण्यासाठीं.

आमच्या विदर्भांतहि लेखी अन्नव्यवस्थेचा पुरावा जुना आहे. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याच्या पट्टण येथील ताम्रपटांत एका सत्रासाठीं ४०० निवर्तनें भूमि दिल्याचा लेख आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनीं वाकाटकांचे लेख संपादून त्यांचा जो संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत तो पाहावा. भूमीचें माप ताम्रपटांत कोरलें. सत्रांत जेवावयास बसलेल्या पोराच्या पानावर किती पडलें, तें कोरलें नाहीं. कोठाराचें माप तांब्यावर जातें, चुलीचें माप वाढणाराच्या हातांतच राहतें.

[५]

वैद्यकानें या दोहोंहून निराळी वाट धरली. चरकाचें म्हणणें असें कीं, खावें तें मात्रेनें. पण मात्रा ठरते ती खाणाऱ्याच्या अग्निबलावर. एकाच आईच्या पोटच्या दोघांत एकाचा अग्नि तीक्ष्ण व दुसऱ्याचा मंद असूं शकतो. तेव्हां एकाची मात्रा दुसऱ्याची मात्रा नव्हे. विमानस्थानांत आहाराचा विचार करण्याच्या आठ बाबी सांगितल्या आहेत, त्यांत राशि ही एक असून तिचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन प्रकार केले आहेत. सर्वग्रह म्हणजे ताटांतील सगळ्या अन्नाचें मिळून माप. परिग्रह म्हणजे भात, वरण, तूप यांचें वेगवेगळें माप. आठवी बाब उपयोक्ता, म्हणजे खाणारा स्वतः. रोग्याच्या परीक्षेंत आहारशक्ति तपासण्यास सांगितलें आहे तेथेंहि माणूस किती खाऊं शकतो आणि खाल्लेलें किती पचवूं शकतो, या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत.

घरच्या स्वयंपाकिणीनें चरक वाचला नव्हता. तथापि अशक्त मुलाच्या भातावर तूप अधिक घालावें आणि धडधाकट भावास भाकर अधिक द्यावी, हें ती जाणत होती. हाच परिग्रह. एका चुलीवर दोन स्वयंपाक न करतां, त्याच पदार्थांचें प्रमाण पानागणिक बदलून दोन भुका भागविणें, यांत तिचें सारें कौशल्य होतें.

[६]

धर्मशास्त्रकारांनीं या असमान खाण्याचा दायविभागांत काय निकाल केला, तें आतां पाहावयाचें.

भाऊ विभक्त होऊं लागले म्हणजे त्यांचे वांटे सारखे, हा मिताक्षरेचा सिद्धान्त. जुन्या स्मृतींत वडील भावास कांहीं अधिक देण्याचें विधान आहे. पण लोकांस न रुचणारें म्हणून तें आचरूं नये, असें विज्ञानेश्वरानें स्पष्ट म्हटलें आहे. ठीक, पुढील मिळकत सारखी वांटली. पण मागील वीस वर्षें एका भावाचीं पांच मुलें त्या चुलीवर जेवलीं आणि दुसऱ्यास मूलबाळ नव्हतें. एक भाऊ तालमीत जाणारा, दुसरा जन्माचा पोटदुखीनें बेजार. त्यांच्या खाण्याचा हिशेब कसा करावा? याचें उत्तर कात्यायनानें दिलें आहे. अविभक्त बंधूंनीं जें उपभोगिलें असेल तें त्यांच्याकडून भरून घेऊं नये. कात्यायनस्मृतीची स्वतंत्र पोथी उपलब्ध नाहीं. निबंधग्रंथांत विखुरलेलीं तिचीं वचनें वेंचून म. म. पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं कात्यायनस्मृतिसारोद्धार सिद्ध केला. त्यांत हें वचन पाहावें.

याचा आशय फार खोल आहे. एकपाक म्हणजे एका स्वयंपाकावर राहणें. बृहस्पतीच्या मतें अशा कुटुंबाचें देवपितृकार्यहि एकच. ज्या क्षणीं खाल्लेल्या घांसाचा जमाखर्च लिहिला जाईल, त्या क्षणीं एकपाक मनानें मोडला. म्हणून शास्त्रानें मिळकत मोजली, कर्ज मोजलें, पण खाल्लेलें मोजूं दिलें नाहीं. ज्याची भूक मोठी तो ऋणको नव्हे, ज्याची भूक लहान तो धनको नव्हे. अलीकडील न्यायालयांतहि, लबाडी सिद्ध झाल्यावांचून कुटुंबाच्या कर्त्याकडून मागील खर्चाचा झाडा घेत नाहींत. त्याचें मूळ या विचारांत आहे.

वाटणीपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस हें सहज पटेल. शेतें, वाडा, परसू, विहिरीची पाळी, गुरें, भांडीं व देणेंघेणें यांचा तपशील त्यांत येतो. खाल्लेल्या अन्नाचा येत नाहीं. उलट, जो कोणी चुलीबाहेर गेला त्याची भूक मात्र तत्काळ कागदावर येते. विधवा भावजयीचें अन्नवस्त्र ठरलें कीं वर्षाचें धान्य मापांत लिहिलें जातें. सालदाराचें धान्य ठरावांत येतें. भिक्षुकाचा कोरडा शिधा वहींत पडतो. यावरून आम्ही एक नियम बसवूं इच्छितों: जुन्या कागदांत भूक दिसते ती एकपाकाबाहेरच्या माणसाची, एकपाकांतील माणसाची भूक कागदांत दिसत नाहीं. घरगुती कागदांवरून पूर्वीच्या आहाराचें अनुमान काढणारानें हा नियम विसरूं नये. नोंदलेला शिधा हा घरच्या मुलाच्या जेवणाचा पुरावा नव्हे.

[७]

आमचें वास्तव्य नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथें आहे. हा भाग मूळचा ज्वारी, तूर व जवस पिकविणारा. येथल्या शेतकऱ्याच्या घरीं ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, जवसाची चटणी व कधीं कण्या, असें जेवण असे. धान्य ढोलींतून काढतांना मापानें काढावयाचें. जुन्या शाळांत पाठ करवीत त्या देशावरच्या कोष्टकाप्रमाणें दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी. इकडे गांवोगांव मापांत थोडाबहुत फरक असे. दशमान मापें आल्यापासून तें कोष्टक पुस्तकांतून गेलें. पण पीठ मळल्यावर माप संपे. पुढें हात चाले. वखरावर जाणाऱ्या भावाची भाकर जाड, शाळेंत जाणाऱ्याची पातळ. लहानग्यास वरणांत कुसकरून. म्हाताऱ्यास दुधांत भिजवून. हें सारें एका कोपरांतल्या पिठावर.

मराठींत अंगानें मोठें होणें यास वाढणें म्हणतात, आणि पानावर अन्न घालणें यासहि वाढणेंच म्हणतात. व्युत्पत्तीच्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. परंतु ज्या भाषेंत या दोन क्रियांना एकच रूप आहे, त्या भाषेंतील वाढणारीच्या हातांत केवढी सत्ता होती, हें त्यावरून ध्यानांत येतें.

आणि येथेंच त्या व्यवस्थेची दुखरी बाजू आहे. याज्ञवल्क्यानें कुमारिकांना आधीं जेवूं घालण्यास सांगितलें. कुंतीनें सुनेचा वांटा अर्जुनाइतका धरला. पण पुष्कळ घरांत चाल अशी पडली कीं, पुरुषांची पंगत आधीं, मुलगे त्यांच्याबरोबर, आणि मुली आईबरोबर मागून. अन्न विपुल असेल तोंवर क्रमानें कांहीं बिघडत नाहीं. अन्न मोजकें असेल तेव्हां क्रम हेंच माप होतें. शेवटीं बसणारीस जें उरलें तेंच तिचें प्रमाण. तिला कमी मिळालें याची नोंद नाहीं, कारण कोणास किती मिळालें याचीच नोंद नाहीं. कात्यायनाच्या ज्या नियमानें भावांस एकमेकांचे घांस मोजण्यापासून वाचविलें, त्याच नियमाच्या आडोशास बहिणीच्या पोटांतील तूट झांकली गेली. भावास निदान वाटणी मागतां येत होती. बहिणीस मिळकतींतहि उभें राहण्यास जागा नव्हती. ती महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें व सर्व देशांत २००५ च्या दुरुस्तीनें मिळाली. मिळकतीचा अन्याय कागदावर होता म्हणून तो दुरुस्त करतां आला. पानावरचा अन्याय कागदावर नव्हता.

[८]

कोठाराचें माप घरांत शिरतें तें दुष्काळांत. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं मद्रास इलाख्यांतील सरकारी कामांवर प्रौढ पुरुषास दररोज एक रतल धान्य व वर थोडी रोकड एवढी मजुरी ठरविली. मुलांस अर्थातच त्याहून कमी. तेथील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं या प्रमाणाविरुद्ध जोराची तक्रार केली. इकडे मुंबई इलाख्यांतहि मजुरी कमी केली गेली, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें लोकांची बाजू सरकारपुढें मांडली. एक रतल धान्याचे उष्मांक सुमारें साडेपंधराशें होतात. खडी फोडणाऱ्या पुरुषाची गरज हल्लींच्या शास्त्राप्रमाणें त्याच्या दुपटीहून अधिक आहे. १९०० सालीं आमच्या मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां गांवोगांव शिजविलेलें अन्न वाटण्याचीं स्वयंपाकगृहें उघडण्यांत आलीं. शिजविलेलें अन्न जागीं बसून खावयाचें असल्यामुळें मुलाच्या नांवाचें अन्न मुलाच्याच पोटांत जातें, हा त्यांतील विशेष. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें. पुढें प्रौढाचें एक व लहान मुलाचें अर्धें युनिट धरण्याची शिधापत्रिकेवरील रीत लोकांच्या अंगवळणीं पडली. कौटिल्याचें निम्में माप दोन सहस्र वर्षांनंतर पुन्हां दुकानाच्या फळीवर आलें.

दरम्यान आहारशास्त्रानें भुकेस अंक दिले. आपल्या देशांतील आहारसर्वेक्षणांत बैठें काम करणारा पुरुष एक एकक धरून इतरांचें प्रमाण मांडतात. त्यांत बैठें काम करणारी स्त्री ०.८, कष्टाचें काम करणारा पुरुष १.६, एक ते तीन वर्षांचें मूल ०.४, तीन ते पांच ०.५, पांच ते सात ०.६, सात ते नऊ ०.७, नऊ ते बारा ०.८, आणि बारा ते एकवीस वयाचीं मुलें पूर्ण १. कौटिल्याची स्त्रियांविषयींची पाऊण येथें जवळजवळ खरी ठरते. मुलांविषयींचें निम्में मात्र पांच वर्षांपलीकडे टिकत नाहीं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेले आंकडे याहून बोलके आहेत. चार ते सहा वर्षांच्या मुलास दररोज १३६० उष्मांक; सात ते नऊ वर्षांच्यास १७००; तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास २८६० व मुलीस २४००; सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास ३३२० व मुलीस २५००. बैठें काम करणाऱ्या प्रौढ पुरुषास २११० व तशाच स्त्रीस १६६०. म्हणजे कचेरींत बसणाऱ्या बापाहून सोळा वर्षांच्या मुलास दीडपट अन्न लागतें. ब्रह्मचाऱ्यास संख्या नाहीं म्हणणाऱ्या सूत्रकारांचें निरीक्षण किती अचूक होतें, हें यावरून दिसेल. परंतु जें सूत्रांत नाहीं तेंहि या आंकड्यांत आहे. त्याच वयाच्या बहिणीस बैठ्या बापाहून जवळजवळ चारशें, आणि बैठ्या आईहून आठशेंवर उष्मांक अधिक लागतात. ब्रह्मचाऱ्याच्या नियमांत तिला स्थान नव्हतें. भूक मात्र तिलाहि होती.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशीं ५ किलो धान्य दिलें. त्यांत वयाचा भेद नाहीं. ५ किलोचे दिवसास सुमारें १६७ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशें उष्मांकांच्या आसपास. पांच वर्षांच्या मुलाच्या गरजेचा तो दोन-पंचमांशाहून अधिक भाग होतो. सतरा वर्षांच्या भावाच्या गरजेचा जेमतेम सहावा हिस्सा. मूल निम्म्यावर धरण्याची जुनी चूक यानें गेली, आणि लहानग्यांचें घर व जाणत्या मुलांचें घर एका मापानें मोजण्याची नवी अडचण आली. ती कायदा करणारांस अगदींच दिसली नाहीं असें नव्हे. मूळ कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत शाळेंतील दुपारच्या जेवणासाठीं खालच्या वर्गांस ४५० व वरच्या वर्गांस ७०० उष्मांक असें वयाप्रमाणें प्रमाण दिलें आहे. कुपोषित बालकास ८०० दिले आहेत, तर त्याच वयाच्या इतर बालकास ५००. म्हणजे शाळेच्या व अंगणवाडीच्या ताटांत कोठार चुलीकडून कांहीं शिकलें. धान्याच्या पोत्यांत अजून शिकावयाचें आहे. तेथें कुटुंबाच्या पोत्यांतील धान्य कोणाच्या पानावर किती जावें हें अद्यापि वाढणारीच ठरविते.

[९]

सारांश असा. भावंडांची भूक सारखी नसते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस पक्की ठाऊक होती. कुंतीनें ती भागाकारानें सोडविली, सूत्रकारांनीं वयानें व क्रमानें, वैद्यांनीं अग्निबलानें. आणि धर्मशास्त्रकारांनीं ती हिशेबाबाहेर ठेवून घर राखलें. सारखा वांटा व पुरेसा वांटा हे दोन निराळे पदार्थ असून पहिला मिळकतीस लागू, दुसरा अन्नास, हा त्यांचा निर्णय आजहि खरा आहे. पण अन्न हिशेबाबाहेर ठेवावयाचें तर वाढणाराच्या न्यायबुद्धीवर सारी भिस्त पडते. आणि जेथें ती डळमळली तेथें ज्याची कुरकूर ऐकूं येत नाहीं त्याचें पान रितें राहतें.

संग्राहक मंडळींस आमची एक विनंती आहे. बेसा व भोवतालच्या खेड्यांतील शेतांचे भूखंड पडले, वाडे उतरवून त्या जागीं इमले उठत आहेत. वाडा उतरतांना सनद किंवा ताम्रपट निघाला तर तो कोणी ना कोणी जपतो. घरखर्चाची वही, किराण्याची यादी, दळणाचा टिपणखर्डा, बाळंतिणीच्या पथ्याचा कागद हीं सर्व रद्दींत जातात. य. मा. काळे यांनीं १९३४ सालीं नागपूर प्रांताचा इतिहास लिहून राजकीय इतिहासाची चौकट उभी करून दिली आहे. त्या चौकटींत माणसें बसवावयाचीं तर तीं काय खात होतीं, आणि त्यांतल्या कोणास किती मिळत होतें, हें कळलें पाहिजे. असे कागद हातीं आल्यास त्यांतील माप, गांव, साल व घरांतील माणसांचीं वयें यांची नोंद अवश्य ठेवावी. आणि ज्या घरीं कागद नसतील तेथें ऐंशी-नव्वदीच्या घरांतील बायकांस विचारावें कीं, तुमच्या माहेरीं भावास किती भाकरी मिळत आणि तुम्हांस किती. तें उत्तर लिहून घ्यावें. चुलीचें माप आजवर कोणी लिहिलें नाहीं. तें ज्यांच्या हातांत होतें त्या आहेत तोंवरच लिहितां येईल.